गावची पाणी समिती प्रत्यक्षात चालवायची कशी?

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यात. जलजीवन मिशनमधून नवी विहीर झाली, टाकी झाली, घरोघरी नळ आले. मी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची सदस्य आहे. समिती स्थापन कशी करायची याचे शासन निर्णय शोधले की सापडतात. ती वर्षानुवर्षं चालवायची कशी, हे मात्र कुठेच नीट लिहिलेलं नाही, म्हणून हा धागा. ज्यांच्या गावात समिती खरोखर चालते त्यांनी लिहावं. ज्यांच्याकडे बंद पडली त्यांनी तर जरूर लिहावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोकसहभागाची कल्पना जुनी आहे. २००२ ला स्वजलधारा आली, त्यात खर्चाचा दहा टक्के वाटा गावाचा होता. पाठोपाठ जागतिक बँकेच्या मदतीने जलस्वराज्य आलं. २०१९ मध्ये जलजीवन मिशन जाहीर झालं, त्यातही गावांतर्गत कामाचा दहा टक्के वाटा लोकांचा. डोंगरी, वनक्षेत्रातली किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेली गावं असतील तर पाच टक्के. समिती १० ते १५ जणांची, त्यात निम्म्या बायका आणि दुर्बल घटकांना जागा. माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी, तेही नियमित आणि पिण्यायोग्य, हे उद्दिष्ट. कागद उत्तम आहे.

आमच्याकडे सुरुवातीला काय चालायचं? शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरी यायचा, "ताई, सही करा." बैठक झालेलीच नसायची. दोन सदस्य बायकांना आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं, त्यांच्या सह्या घरचे पुरुष करत होते. आम्ही काही जणींनी एकच हट्ट धरला: बैठक मारुतीच्या सभामंडपात होईल आणि रात्री आठनंतर होईल. सकाळी अकराला बोलावलं तर शेतावर गेलेली बाई येणार कुठून?

पहिल्या खऱ्या बैठकीत कळलं की गावात पाईपलाईन कुठून कुठे गेलीय याचा नकाशा ग्रामपंचायतीकडे नाही. ठेकेदाराच्या फायलीत असेल म्हणे. सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात, तो म्हणजे आमचे पाणी सोडणारे तात्या. ते साठीच्या पुढचे. ते आजारी पडले तर गावाचं पाणी बंद, इतकी साधी गोष्ट. मग आम्ही त्यांना घेऊन गाव फिरलो. तात्या काठीने जमीन ठोकत पुढे, मागे शाळेतली दोन पोरं चुन्याची पिशवी घेऊन. "इथं वळाण हाय. इथं खाली चार इंची, पुढं अडीच इंची." पोरं फक्की मारत गेली. एक वॉल्व्ह सापडेना. तात्या एका घरासमोर थांबले आणि म्हणाले, "ह्या वट्ट्याखाली गेलाय." घरमालकाने ओटा वाढवताना वॉल्व्ह गाडून टाकला होता आणि त्या वॉल्व्हच्या पुढे अख्खी वाडी आहे.

वाडीत पाणी का कमी येतं याचं निम्मं उत्तर त्या ओट्याखाली होतं. उरलेलं निम्मं आम्ही बादलीने मोजलं. १५ लिटरची बादली टाकीजवळच्या आळीत मिनिटाच्या आत भरते, ओढ्यापलीकडच्या वाडीत चार मिनिटं लागतात. पाणी सुटतं पाऊण तास. म्हणजे वाडीतल्या घराला १७० लिटर मिळालं तर मिळालं. पाच माणसांचं घर धरलं तर नियमाने हवं २७५ लिटर. सरकारी पोर्टलवर दोन्ही घरं सारखीच, नळजोडणी 'झाली'.

माझं म्हणणं एवढंच आहे. लोकसहभाग म्हणजे वर्गणी आणि श्रमदान असं आपण धरून चाललोय. वर्गणी तर लोक देवळालाही देतात. पाणी कधी, कुठे, किती वेळ सुटणार आणि पैसा कुठे गेला, या दोन गोष्टी लोकांना दिसल्या आणि त्या बदलायचा अधिकार लोकांकडे आला, तरच समितीला अर्थ आहे.

आता अडलंय ते इथे: पाणीपट्टी वसूल होत नाही, वीजबिल थकलंय, आणि टाकीजवळच्या आळीतल्या काही घरांनी नळाला मोटारी लावल्यात. अनुभव सांगा.

---

निवृत्त_ग्रामसेवक

ताई, छान लिहिलंत. माझी सगळी नोकरी याच कामात गेली. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय.

आधी कायद्याचं. तुमची समिती ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खाली ग्रामसभेने नेमलेली समिती असते. ती सरपंचाची मर्जी नव्हे, ठेकेदाराची सोय तर नव्हेच. तिला हिशोब ग्रामसभेला द्यावा लागतो. हे कलम बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, फरक पडतो.

आता पैशाचं. बहुतेक गावांत पाणीपट्टी किती ठेवायची हे शेजारच्या गावाकडे बघून ठरतं. खर्चाचा हिशोब कोणी मांडतच नाही. मी नमुना देतो, आकडे तुम्ही तुमचे घाला. समजा साडेसात एचपीची मोटार रोज सहा तास चालते. महिन्याला साधारण हजार युनिट होतात. युनिटला सात रुपये धरले तर सात हजार. पाणी सोडणाऱ्याचा पगार नऊ हजार धरा. टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर), गळती, फुटलेला पाईप, जळालेला स्टार्टर मिळून महिन्याला सरासरी चार हजार बाजूला काढा. झाले वीस हजार. गावात चारशे घरं असतील तर घरटी महिना पन्नास रुपये, वर्षाचे सहाशे. हे गणित फळ्यावर लिहा आणि लोकांसमोर बेरीज करा. मी असं केलं तेव्हा एक म्हातारे उठून म्हणाले, "मग दीडशे रुपये वर्षाला घेऊन इतकी वर्षं चालवलं कशावर?" उत्तर होतं: थकबाकीवर.

निम्म्या घरांनी भरलं तर दहा हजार जमतात. पहिलं थकतं वीजबिल, कारण पगार थकवला तर माणूस दारात येऊन उभा राहतो, वीज कंपनी निदान काही महिने थांबते. मग एकदम कनेक्शन तोडतात, तेही ऐन उन्हाळ्यात.

वित्त आयोगाच्या बंधित निधीतला (ठरावीक कामांवरच खर्च करता येणारा निधी) काही भाग पाण्यासाठी वापरता येतो, देखभालही त्यातून करता येते. पण तो निधी आहे म्हणून पाणीपट्टी घ्यायचीच नाही, असं करू नका. ज्या वर्षी निधी उशिरा येतो त्या वर्षी गाव कोरडं पडतं.

---

खडकमाळ

दोघांचंही वाचलं. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मला इथे थोडं थांबवावंसं वाटतं. गेली वीस-पंचवीस वर्षं 'लोकसहभाग' या शब्दाखाली सरकार आपली जबाबदारी खाली ढकलत आलंय. योजनेचा आराखडा वरून, ठेकेदार वरून, पाईपचा व्यास वरून. बांधून झालं की "आता गावाने चालवावी." विहीर चुकीच्या जागी घेतली असेल, टाकी गळत असेल, तर ते समितीने निस्तरायचं? शहरातल्या माणसाला कोणी विचारत नाही की बाबा, तुझ्या गल्लीची मोटार जळाली, वर्गणी काढ. सहभाग फक्त गरिबाकडूनच का मागायचा?

---

निवृत्त_ग्रामसेवक

खडकमाळ, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. म्हणूनच योजना हस्तांतरित करून घेण्याची घडी महत्त्वाची. ठेकेदाराचं काम संपलं की ग्रामपंचायतीकडून ताबा घेतल्याची सही घेतली जाते. ती सही झाली की खरोखर तुमची योजना, गळतीसकट. तेव्हा समितीने आधी टाकी भरून ठेवून गळती बघावी, शेवटच्या नळापर्यंत पाणी सोडून बघावं, नकाशा आणि मोटारीची कागदपत्रं मागावीत. नाही मिळाली तर ताबा घेऊ नये आणि तसा ठराव करावा. दबाव येतो. ग्रामसभेचा ठराव असेल तर सरपंचालाही पाठ टेकायला भिंत मिळते.

जलस्वराज्यात पाणी समितीबरोबर वेगळी सामाजिक लेखापरीक्षण समिती असायची. खर्च करणारे एक आणि तपासणारे दुसरे. पुढच्या योजनांत ही जोड सैल झाली. मला विचाराल तर ती परत आणली पाहिजे.

---

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

खडकमाळ, आमच्या गावात नेमकं हेच झालं. ताबा घेतल्याची सही आमच्या पहिल्या खऱ्या बैठकीच्या आधीच झालेली होती. काका, वेगळ्या तपासणी समितीचं लिहून ठेवते.

---

आरोग्यसेविका

पैसा आणि वॉल्व्ह यावर सगळे बोलतात, पावडरीवर कोणी बोलत नाही. म्हणून मी लिहिते.

हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, हे प्रमाण पाणी सोडणाऱ्याला तोंडपाठ हवं. पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी टाकीत टाकायची आणि किमान अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. प्रत्यक्षात काय होतं? पावडरीची पिशवी उघडी पडून असते, ओल लागून तिचा दम गेलेला असतो. किंवा टाकायची म्हणून पाणी सुटता सुटता मूठभर टाकली जाते.

ओटी टेस्ट दहा सेकंदाचं काम आहे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम राहिलं पाहिजे. पण ही टेस्ट टाकीखालच्या नळावर करून वहीत 'पॉझिटिव्ह' लिहिण्याला काहीच अर्थ नाही. ती शेवटच्या घरात करायची. धागाकर्त्या ताईंच्या वाडीत. तिथे रंग आला तर सगळ्या गावात आहे.

जलजीवनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं आहे. आमच्या भागात जिथे या पाच जणी खरोखर तपासतात तिथे मी फरक बघितलाय. एका गावात एचटूएसची (पाण्यातले जंतू तपासायची) बाटली दुसऱ्या दिवशी काळी पडली. काळी म्हणजे पाणी दूषित. ती बाटली त्या बाईने सरळ नेऊन ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवली. अहवाल फायलीत जातो, काळी बाटली टेबलावरून हलवता येत नाही. दोन दिवसांत गटाराजवळची गळती काढली गेली.

आणि जिल्हा परिषदेचं लाल, पिवळं, हिरवं कार्ड तुमच्या गावाला कोणतं आहे हे विचारा. वर्षातून दोनदा स्वच्छता सर्वेक्षण होतं, त्यावर कार्ड मिळतं. लाल म्हणजे साथीचा धोका जास्त. हे कार्ड ग्रामपंचायतीच्या दाराशी लावायला सांगा.

---

पुरंदरकर

पाण्याच्या वाटपावर लिहिताना नायगावचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी आमच्या पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. ते सिंचनाचं पाणी होतं, पिण्याचं नव्हे, तरी त्यातलं तत्त्व तुमच्या वाडीला लागू आहे. पाणी जमिनीच्या हिशोबाने द्यायचं नाही, माणसांच्या हिशोबाने द्यायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. शंभर एकरवाल्यालाही तेवढंच आणि भूमिहीनाचाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. खर्चाचा वीस टक्के वाटा आधी सभासदांनी भरायचा. वाटपाला लोकांनीच नेमलेला पाटकरी.

यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पाटकऱ्याला पगार लोक देत, म्हणून तो लोकांना बांधील. तुमचे तात्या कोणाला बांधील आहेत?

---

पांझराकाठ

पुरंदरकर, आमच्या खानदेशात फड पद्धत याहून कितीतरी जुनी, शेकडो वर्षांची. नदीवर बंधारा, खाली फड म्हणजे शेतांचे गट, कोणत्या फडात कोणतं पीक हे दरवर्षी सगळे मिळून ठरवणार. पाटकरी, बारेकरी, जागल्या, हवालदार अशी नेमून दिलेली माणसं. अजूनही काही ठिकाणी तग धरून आहे.

आणि २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात पाणीवापर संस्थांनी पाणी शेवटाकडून सुरुवातीकडे द्यायचं हे तत्त्व आहे. आधी शेपूट, मग डोकं. पिण्याच्या योजनेत हेच का करू नये? तुमच्या वाडीचा वॉल्व्ह पहिला उघडा. टाकी भरलेली असते, दाब पुरता असतो, तेव्हा पाणी वाडीला जाऊ द्या. टाकीजवळच्या आळीला उरलेल्या दाबावरही मिळतं.

---

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

पांझराकाठ, हे इतकं सरळ आहे की आजच तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "करतो की. पण मला सांगणार कोण? वरच्या आळीवाले येऊन भांडले तर तुमी हुबं राहाल का?"

पुरंदरकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं. तात्यांना पगार ग्रामपंचायत देते, तोही कधी तीन महिन्यांनी. वेळापत्रक मात्र जो दारात येऊन ओरडेल तो ठरवतो. म्हणून वेळापत्रक लेखी हवं, ग्रामसभेने मंजूर केलेलं हवं आणि भिंतीवर हवं. म्हणजे तात्यांना बोट दाखवता येईल.

---

महाडचा

वेळापत्रकावर चर्चा चाललीय म्हणून एक गोष्ट नोंदवतो. वाडी कोणाची आहे हे धाग्यात कोणी विचारलं नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत पाईपलाईनच्या शेवटाला कोण राहतं हे सांगायची गरज नाही.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले तेव्हा ते तळं सार्वजनिकच होतं. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झालेला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केलेला होता. ठराव दोन होते, पाणी एक ओंजळही नव्हतं. ओंजळ घेतल्यावर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, खटला चालला. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

तेव्हा 'सार्वजनिक पाणीपुरवठा' या शब्दांतलं 'सार्वजनिक' आपल्याकडे लढून मिळवावं लागलंय. समितीत वस्तीचे सदस्य नियमाने असतात, पण बैठकीची खबर त्यांना सगळ्यात शेवटी जाते, पाण्यासारखीच. माझी विनंती, बैठक एकदा मारुतीच्या मंडपात घ्या, एकदा वाडीतल्या समाजमंदिरात. पाणी सुटायच्या वेळेला घ्या. वरच्या आळीतल्या सदस्यांना त्या नळाखाली बादली धरू द्या.

---

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

तुम्ही बरोबर ओळखलंत. वाडी बौद्ध आणि मातंग वस्तीची आहे, पुढे चार धनगर घरं. पुढची बैठक समाजमंदिरात घेतो.

---

नगरी_रानवारा

वाटपाचं ठीक, पण विहिरीतच पाणी नसेल तर वाटणार काय? आमच्या नगर तालुक्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पण लोक तिथे झाडं आणि बांध बघून परततात. बघायची असते ती तिथली पाण्याच्या ताळेबंदाची ग्रामसभा. पावसाळा संपला की पडलेला पाऊस, विहिरींची पातळी मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढतात, मग उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. हा मुलूख चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा. पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली ती योग्यच, पण गावाने स्वतःला घालून घेतलेला हा नियम वर्षानुवर्षं पाळला, हे मला जास्त मोठं वाटतं.

तुमच्या उद्भव विहिरीच्या (योजनेचं पाणी जिथून उपसता ती) आसपास किती बोअर आहेत ते मोजा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. १९९३ च्या कायद्यापासून हे आहे, २००९ च्या भूजल कायद्यातही आहे. अमलात कोण आणणार? बोअर घेणारा असतो कोणाचा तरी चुलता. तलाठ्याला माहीत असतं, सगळ्यांना माहीत असतं. गाडी रात्री येते, सकाळी दोन ट्रॉली माती दिसते. इथे समिती गप्प बसली तर बाकीचं सगळं काम वाया. नवं बोअर पडण्याआधी ग्रामसभेत विषय आला पाहिजे, पडल्यावर कोणी बुजवत नाही.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं जिल्ह्याला कार्यालय असतं. निरीक्षण विहिरींची पातळी त्यांच्याकडे मिळते. अर्ज करा. आणि तुमच्या विहिरीत दर महिन्याला दोरी सोडून मोजायला शाळेतल्या पोरांना सांगा, ती चुना घेऊन फिरलेलीच पोरं.

---

अंधेरीपूर्व

शहरातली अवस्था वेगळी, म्हणून लिहितो. आमच्याकडे पाणी समिती हा प्रकारच नाही. सोसायटीत पाणी कमी आलं की सेक्रेटरी टँकर मागवतो आणि खर्च देखभालीत लावतो. पाणी महापालिकेचं, पण त्याबद्दल नागरिकाने बोलायची जागा म्हणजे नगरसेवकाचं ऑफिस.

तरी दोन गोष्टी घडल्यात. २००६-०७ मध्ये आमच्या के-पूर्व वॉर्डात जागतिक बँकेच्या पैशातून अभ्यास झाला आणि पाणी वितरणाचं व्यवस्थापन खाजगी हातात द्यायचं घाटत होतं. नागरिक संघटना आणि पालिका कर्मचारी एकत्र आले, जाहीर सभेत सल्लागारांना आकड्यांसकट प्रश्न विचारले. तो प्रस्ताव पुढे गेला नाही. दुसरी, पाणी हक्क समितीची लढाई. २००० नंतरच्या झोपड्यांना पालिका नळजोडणी देत नव्हती. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, धोरण करा. हे दोन्ही लोकांनी मिळवलं. पण दोन्ही वेळा लोक विरोध करायला जमले. रोजचा कारभार बघायला बसायची जागा शहरात अजून नाही. तुमच्याकडे सभामंडप तरी आहे.

---

लातूरकर

अंधेरीपूर्व, आमच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. लोक आजही ती गाडी आठवतात. मला आठवतात त्याच्या आधीची वर्षं, जेव्हा धरणात किती पाणी उरलंय आणि शहराला रोज किती लागतं हे आकडे चौकात लावा, असं म्हणणारे मोजकेच होते. पाणी संपायच्या आधी आकडा दिसला तर माणूस हात आखडतो. नंतर फक्त रांग लावतो.

---

सखलभूमी

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे जलमंडळांची निवडणूक होते, दर चार वर्षांनी, प्रांतिक निवडणुकीच्याच दिवशी. मागची १५ मार्च २०२३ ला झाली. २१ मंडळं आहेत आणि ही परंपरा तेराव्या शतकापासूनची. बंधारे, कालवे, सांडपाणी हे त्यांचं काम. पिण्याचं पाणी वेगळ्या सार्वजनिक मालकीच्या कंपन्यांकडे. माझ्याकडे इथलं नागरिकत्व नाही, राहण्याचा परवाना आहे, तरी जलमंडळाला मत देता येतं. संसदेला देता येत नाही. ज्या पाण्याच्या पातळीखाली मी राहतो त्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे, हा त्यामागचा विचार.

मंडळ स्वतःचा कर लावतं, त्याचं बिल वेगळं येतं. म्हणून लोक विचारतात. निवृत्त ग्रामसेवक काकांनी फळ्यावर बेरीज करायचं सांगितलं ते वाचून हे लिहावंसं वाटलं. पाणीपट्टी घरपट्टीच्या पावतीत मिसळू नका. पावती वेगळी, खातं वेगळं.

---

खडकमाळ

माझा आक्षेप अजून आहे, पण धागा वाचून त्यात भर घालतो. समितीने फक्त खाली गावाकडे बघू नये, वरही बघावं. योजनेचा मंजूर आराखडा, अंदाजपत्रक, पाईपची मोजमाप पुस्तिका माहिती अधिकारात मागवा. कागदावर किती इंची पाईप आहे आणि जमिनीत किती इंची, हे तात्यांच्या काठीने कळतं. वाडीला दाब कमी येण्याचं कारण ओट्याखालचा वॉल्व्हच आहे की मुळात पाईपच बारीक टाकलाय, हे आधी बघा. नाहीतर वाडीतले आणि आळीतले एकमेकांशी भांडत बसतील आणि ज्याने पाईप टाकला तो बिल उचलून गेलेला असेल.

---

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. खडकमाळ, अर्ज लिहायला घेतला आहे.

नळाच्या मोटारींबद्दल इथे कोणी फार लिहिलं नाही, आम्ही जे ठरवलं ते सांगते. पाणी सुटण्याच्या वेळेत गावाची वीजच बंद ठेवायची असं एकाने सुचवलं. ते मला पटलं नाही. दवाखाना, पिठाची गिरणी, पोरांचा अभ्यास सगळंच थांबेल. त्याऐवजी समितीच्या चार बायका पाणी सुटल्यावर आळीतून फेरी मारतात. मोटार चालू दिसली की दारात उभं राहून बंद करायला सांगतात. भांडण झालं, एकीला बरंच बोलणं ऐकावं लागलं. पण वाडीतली बादली आता तीन मिनिटांत भरते, ओट्याखालचा वॉल्व्ह अजून निघालेला नसताना. त्या घरमालकाशी बोलणं चालू आहे. ओटा फोडून वर झाकण बसवून द्यायचा खर्च ग्रामपंचायतीने करावा, असं त्यांचं म्हणणं आहे. मला ते रास्त वाटतं.

येत्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा केलाय, बघून सांगा:

"गावातील पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक वाडीपासून सुरू होईल व ग्रामपंचायतीच्या आणि समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवले जाईल. पाणीपट्टीचे खाते वेगळे राहील व दर महिन्याचा जमाखर्च पाच तारखेपर्यंत फलकावर लिहिला जाईल. क्लोरीन तपासणी वाडीतील शेवटच्या नळावर रोज होईल. समितीच्या हिशोबाची तपासणी समितीबाहेरील पाच जण करतील, त्यात तीन महिला असतील. उद्भव विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नव्या बोअरला ग्रामसभेचा विरोध राहील."

---

निवृत्त_ग्रामसेवक

मसुदा चांगला आहे. तीन दुरुस्त्या. एक, 'लिहिला जाईल, रंगवले जाईल' असं ठेवू नका, कोण करणार ते लिहा. वेळापत्रक ग्रामपंचायतीने रंगवावे, जमाखर्च समितीच्या सचिवाने लिहावा, क्लोरीन तपासणी अमुक यांनी करावी. कर्ता नसलेला ठराव कोणावरच बंधनकारक नसतो. दोन, बोअरच्या बाबतीत नुसता विरोध नोंदवू नका, 'कायद्यानुसार कारवाईसाठी तहसीलदारांना कळविण्यात यावे' असं जोडा, आणि ठरावाची प्रत पोचपावती घेऊन द्या. तीन, तात्यांचा पगार पाणीपट्टीच्या खात्यातून पहिल्यांदा निघेल, वीजबिल दुसऱ्यांदा, हा क्रमही ठरावात घाला. आणि सूचक-अनुमोदकांची नावं आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी कोणी हात वर करत नाही.

---

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

तिन्ही घातल्या. सूचक म्हणून वाडीतल्या सदस्य ताईंना विचारलं, त्या तयार आहेत. क्लोरीन तपासणीच्या ओळीतही त्यांनी स्वतःचंच नाव घालायला सांगितलंय, शेवटचा नळ त्यांच्याच दारात आहे. अनुमोदक वरच्या आळीतला हवा, त्यासाठी आज संध्याकाळी दोन घरी जाऊन येते.